नगरपरिषदेविरुद्ध दरखास्त चालवणाऱ्या वकील कार्यालयाच्या सेवेविषयी अभिप्राय

न्यायालयाचा हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा आदेश, हातात आला म्हणजे पैसे आले, हा समज समोर नगरपरिषद असेल तर फार काळ टिकत नाही. आमच्या लहानशा कंत्राटी व्यवसायाने टाकलेल्या जलवाहिनीतून लोकांना पाणी मिळू लागले, देयक मात्र थकले; दिवाणी न्यायालयाने ते व्याजासह देण्याचा आदेश दिला, अपिलाची मुदतही उलटली, आणि तरीही लेखा विभागाकडून ‘तरतूद नाही’ एवढेच उत्तर येत राहिले. अखेर अंमलबजावणीचे काम मी अशा एका वकील कार्यालयाकडे दिले जे प्रामुख्याने दरखास्तीच, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्जच, चालवते. हा अभिप्राय त्याच सेवेविषयी आहे.

या कार्यालयाची पहिली जमेची बाजू म्हणजे जप्तीविषयीची त्यांची स्पष्ट भूमिका. बेलीफ येतो, मुख्याधिकाऱ्यांची खुर्ची आणि संगणक उचलले जातात, वर्तमानपत्रात ‘जप्तीची नामुष्की’ असा मथळा येतो, हे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. मीही तशीच अपेक्षा बोलून दाखवली, तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की जुन्या फर्निचरच्या लिलावातून थकबाकीचा कोपराही भरून निघणार नाही. पैसा कुठे आहे हे आधी नगरपरिषदेकडूनच शपथेवर वदवून घेतले पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 21, नियम 41 प्रमाणे पैशांचा हुकूमनामा 30 दिवस अपूर्ण राहिला, तर ऋणकोने, म्हणजे पैसे देणे असलेल्या पक्षाने, आपल्या मालमत्तेचे शपथपत्र द्यावे असा आदेश न्यायालय देऊ शकते, ऋणको संस्था असल्यास तिच्या अधिकाऱ्यालाही तो देता येतो, आणि आदेश न पाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. माझ्या मते संपूर्ण दरखास्तीत सर्वाधिक परिणाम याच एका अर्जाचा झाला. तोवर आमची पत्रे टेबलावरून टेबलावर फिरत होती. शपथपत्रावर स्वतःची सही करायची वेळ आल्यावर मात्र संबंधित अधिकाऱ्यांनी आमची फाइल मागवून घेतली.

शपथपत्रातील बँक खात्यांची यादी हाती आल्यावर कार्यालयाने ती सरसकट जप्तीसाठी पुढे केली नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे. शासकीय योजनांचे अनुदान जमा होणाऱ्या खात्यांवर लगेच हरकत येईल आणि तिच्यावरील युक्तिवादातच काळ जाईल, हे ओळखून त्यांनी मालमत्ता कर व इतर स्वउत्पन्नाचे खाते निवडले. सोबत नगरपरिषदेच्या व्यापारी गाळ्यांचे थकीत भाडे त्याच आदेशाच्या नियम 46 खाली जप्त करून ते गाळेधारकांनी परस्पर न्यायालयात भरावे, असा अर्जही तयार ठेवला. निधी नसल्याचा बचाव आला तेव्हा त्यांनी रतलाम नगरपालिकेच्या 1980 मधील प्रकरणाचा दाखला दिला. ते प्रकरण सार्वजनिक स्वच्छतेचे होते, कर्जवसुलीचे नव्हते, हे त्यांनी न्यायालयात दडवले नाही. पैशांच्या चणचणीआड वैधानिक कर्तव्यापासून पळता येत नाही, एवढ्याच मुद्द्यापुरता त्याचा आधार घेतला. असा प्रामाणिक युक्तिवाद ऐकून मला समाधान वाटले.

हिशेबाचा तक्ता तर अत्यंत नेटका होता. मुद्दल, हुकूमनाम्यातील दराने तारखेपर्यंतचे व्याज, दाव्याचा खर्च, आणि खाली ठळक अक्षरात रोज वाढणारी व्याजाची रक्कम. ही शेवटची ओळ लेखापालांसाठी होती, कारण उशिराचा भार करदात्यांवर पडतो हे तिच्यातून कोणालाही कळत होते. हुकूमनाम्याला दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच दरखास्त दाखल केल्यामुळे नियम 22 ची, म्हणजे अंमलबजावणी का करू नये असे समोरच्या पक्षाला विचारणारी, नोटीस बंधनकारक राहिली नाही आणि तेवढी एक पायरी वाचली. 1963 च्या मुदत कायद्याने दरखास्तीला 12 वर्षे दिली आहेत म्हणून निवांत राहणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

आता उणिवा. कामकाजाची माहिती पक्षकाराला आपणहून कळवण्याची शिस्त या कार्यालयात नाही. तारखेला काय झाले हे मला बहुतेक वेळा ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पाहावे लागले, आणि बेलीफ भत्ता भरायचा राहिला म्हणून एक तारीख वाया गेली, हेही तिथेच समजले. इतक्या जाणकार माणसांकडून असा ढिसाळपणा खटकतो. सर्वोच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2021 च्या निकालात दरखास्ती दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढण्याचे निर्देश दिले आहेत. समोरून मुदतीचे अर्ज येत असताना या निकालावर त्यांनी अधिक आग्रहाने बोट ठेवायला हवे होते, असे माझे मत आहे.

शुल्काबाबत मात्र तक्रार नाही. ते टप्प्याटप्प्याने आणि पावतीसह घेतले गेले. वसुलीतील टक्केवारी मागणाऱ्यांपासून दूर राहा, कारण निकालावर अवलंबून शुल्क ठरवणे वकिलांना नियमानेच वर्ज्य आहे, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते.

खाते जप्तीचा आदेश झाल्यावर नगरपरिषदेने हप्ते मागितले. कार्यालयाने तोंडी आश्वासनावर काहीही मान्य केले नाही. पहिला मोठा हप्ता न्यायालयात जमा झाल्यावरच उभय पक्षांच्या सह्यांची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, दाखल केली आणि एक हप्ता जरी चुकला तरी जप्ती पुन्हा लागू होईल अशी अट तीत घातली. आतापर्यंतचे हप्ते वेळेवर आले आहेत, शेवटचा यायचा आहे.

स्थानिक संस्थेविरुद्ध अंतिम हुकूमनामा हाती असलेल्यांना हे कार्यालय मी सुचवेन. नुसते अपील दाखल झाल्याने अंमलबजावणी थांबत नाही, त्यासाठी स्थगितीचा स्वतंत्र आदेश लागतो. तसा आदेश झालेला असल्यास हे कार्यालय दरखास्त घेत नाही आणि आधी अपिलाच्या न्यायालयात जाण्यास सांगते. पहिल्या भेटीला जाताना हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल आणि आजवर मिळालेल्या प्रत्येक रकमेची नोंद सोबत ठेवावी.