आमच्या भागातलं कब-स्काउट पथक : ५ पैकी ४ स्टार, पोराला घालायच्या आधी हे वाचा

पोराला स्काउटला घालायचंय, कुठं घालू, फी किती, ड्रेस कुठं मिळतो, असं आमच्या कोल्हापुरातल्या भागातली बरीच मंडळी विचारत असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पथकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण चांगलं-वाईट दोन्ही लिहिणार आहे आणि सर रोज सकाळी दूध आणायला जाताना भेटतात.

आधी एक क्लिअर करतो, कारण अर्धे लोक स्काउट, एनसीसी आणि आरएसपी यांची मिसळ करून टाकतात. एनसीसी म्हणजे संरक्षण खात्याचं, ते साधारण आठवीपासून पुढं. आरएसपी म्हणजे रस्ता सुरक्षा, ट्रॅफिकचं. स्काउट वेगळं, आणि ते लई लहानपणापासून सुरू होतं, पहिली ते चौथीची पोरं कब, पोरी बुलबुल, मग दहा वर्षांपुढं स्काउट आणि गाईड, आणि कॉलेजात गेल्यावर रोव्हर-रेंजर, ते पार पंचविशीपर्यंत चालतं. हे सगळं भारत स्काउट्स आणि गाईड्स या एकाच संस्थेखाली येतं. पूर्वी वेगवेगळ्या संघटना होत्या, त्या ७ नोव्हेंबर १९५० ला एक झाल्या आणि गाईडवाल्या पुढच्या वर्षी येऊन मिळाल्या. बंदूकबिंदूक काही नसते, आमच्या मातोश्रींनी पहिला प्रश्न तोच विचारला होता.

माझा धाकटा तिसरीत आहे, म्हणजे कब. पुतण्या सातवीत, तो स्काउट. धाकट्याच्या शाळेत पथक होतं पण कागदावर. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला ड्रेस घालायचा, झेंड्याजवळ उभं राहायचं, फोटो काढायचा, झालं. एरवी वर्षभर गाठ कशी मारायची ते पोराला माहीत नाही आणि सरांनाही असंल का शंका आहे. त्या शाळेचं नाव विचारू नका, अशा शाळा काय एकच आहेत का.

त्यातलं सगळ्यात भारी प्रकरण म्हणजे खरी कमाई. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खरी कमाई हा स्काउटिंगमधला अगदी मस्त उपक्रम आहे, पोरानं स्वतःच्या हातानं काहीतरी काम करायचं आणि त्याचे पैसे मिळवायचे, मग ते गाडी धुवायचं असू दे, बागेतलं गवत काढायचं असू दे, नाहीतर काही बनवून विकायचं असू दे. रुपया कसा मिळतो ते कळावं हा हेतू. आपल्याकडं त्याची जत्रा झाली. आदल्या रात्री घरातल्या बायका बारा वाजेपर्यंत वडे, इडल्या, अप्पे करत बसतात, सकाळी बाप स्कूटरवर पातेलं धरून शाळेत, स्टॉलवर आई वाढणार, मावशी पैसे घेणार, पोरगं शेजारच्या स्टॉलवर पाणीपुरी खाणार तेही आपल्याच पैशानं, आणि शेवटी वहीत लिहायचं की मी ३४० रुपये कमावले. आमच्या सौ. म्हणाल्या, कमाई खरी का खोटी माहीत नाही पण कंबर माझीच मोडली. सामानाचा खर्च धरला तर नफा कुठं गेला तेही कळत नाही.

म्हणून शाळेबाहेरचं पथक शोधलं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं की पोराच्या शाळेत पथक नसलं किंवा नावापुरतं असलं तरी अडत नाही, शाळेशी न जोडलेली खुली पथकं पण असतात, वेगवेगळ्या शाळांची पोरं एकत्र येतात. शोधायचं असेल तर जिल्ह्याच्या स्काउट गाईड कार्यालयात जाऊन विचारायचं, आपल्या भागात कुठलं पथक चालू आहे आणि त्याची यंदाची नोंदणी झाली आहे का. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण पथकाची नोंदणी दरवर्षी करायची असते आणि नोंदणी नसेल तर पुढं परीक्षा, मेळावा, पुरस्कार कशालाच पोरगं बसू शकत नाही. पोरगं चौथीपर्यंत घाम गाळतंय आणि मग कळतंय की नावच वर गेलं नव्हतं, असं नको व्हायला.

आता आमच्या पथकाचं. दर शनिवारी दुपारी भरतं, सकाळची शाळा सुटून जेवण झालं की. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो तेव्हा व्हरांड्यात. सुरुवातीला झेंडा, प्रार्थना, मग तपासणी, म्हणजे नखं, बूट, रुमाल. मग खेळ. लक्षात ठेवा, निम्म्यापेक्षा जास्त वेळ खेळ आणि गोष्टीच असतात आणि ते तसंच असायला पाहिजे, कबचं सगळं मोगलीच्या जंगलावर बेतलेलं आहे, पोरं गोल करून उकिडवी बसतात आणि लांडग्याच्या पिल्लांसारखी आरोळी देतात, त्याला ग्रँड हाऊल म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजी गॅलरीत आल्या होत्या. कबच्या सरांना तिथं सर म्हणत नाहीत, अकेला म्हणतात, मोगलीच्या गोष्टीतल्या लांडग्यांच्या पुढाऱ्याचं नाव. सहा-सहा पोरांचं षटक असतं, त्याचा एक षटकनायक, आणि भांडणं बहुतेक त्या षटकनायकानंच मिटवायची असतात.

किमचा खेळ घेतात तो मला स्वतःला लई आवडला. ताटात वीस-पंचवीस वस्तू मांडायच्या, किल्ली, बटण, खोडरबर, सुपारी, काहीही, मिनिटभर बघायचं, वर रुमाल टाकायचा आणि आठवतील तेवढ्या लिहायच्या. घरी आम्ही पण खेळलो, पोरानं मला सरळ हरवलं. आता गाडीची किल्ली सापडली नाही की आधी त्यालाच विचारतात.

स्काउटवाल्यांचं काम जरा वरचं. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, शीट बेंड, बोलाईन अशा गाठी, दोन काठ्या बांधायची लॅशिंग, प्रथमोपचार, नकाशा, होकायंत्र. कुणी म्हणेल गाठी शिकून काय करायचंय, मोबाईलच्या जमान्यात. अवो, २०१९ ला पंचगंगेचं पाणी गल्ल्यांत शिरलं, बोटी घातल्या, तेव्हा दोरी नीट बांधता येणारा माणूस गल्लीत किती होता ते आठवा. बोलाईन ही न सरकणारी गाठ आहे, माणसाच्या कमरेभोवती घातली तर आवळत नाही, पाण्यातून कुणाला ओढायचं तर तीच लागते. पुतण्याला ती डोळे मिटून येते.

सरांबद्दल. कुठलंही पथक बघायला गेलात तर इमारत बघू नका, सर किंवा मॅडम बघा. त्यांनी स्काउटचं बेसिक, अ‍ॅडव्हान्स्ड असं ट्रेनिंग केलंय का ते बिनधास्त विचारा, राग येत नाही कुणाला. हिमालय वुड बॅज, म्हणजे त्याच्याही पुढचं ट्रेनिंग, केलेल्यांच्या गळ्यात ड्रेसवर चामड्याच्या दोरीत दोन लाकडी मणी असतात, आमच्या सरांच्या आहेत, मला आधी वाटलं कुठल्या देवाचे आहेत, जोतिबाचे वगैरे. ही पद्धत १९१९ पासूनची, स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनंच पहिले मणी दिलेले. पण मणी असून पण पोरांवर नुसतं ओरडणारे असतात, म्हणून पैसे भरायच्या आधी एक शनिवार जाऊन कडेला कट्ट्यावर बसा आणि बघा, काम कोण करतंय, पोरं का सर. आमच्याकडं पोरं तंबू उभा करत होती आणि तो दोनदा पडला, सर हात मागं बांधून उभे. एका पोराचा बाप मदतीला पुढं झाला तर सर म्हणाले, “दादा, पडू दे की, काय हुतंय.” मी तिथंच नाव घातलं.

खरी कमाई पण तशीच. पोरांनी स्वतः बाजारात जाऊन चुरमुरे, फरसाण, कांदा आणला, हिशेब फळ्यावर लिहिला आणि भेळ स्वतः कालवली. खासबागेची भेळ खाऊन वाढलेल्या गावात ती भेळ कुणी नावाजली नसती, मीठ विसरलं होतं, पण पालकांना मैदानाच्या दाराबाहेर उभं केलेलं आणि आम्ही गुमान पैसे देऊन खाल्ली.

पोरगं बुजरं असेल तर एक सांगतो. पहिल्याच दिवशी ड्रेस घालून पाठवू नका. साध्या कपड्यांत दोन-तीन शनिवार जाऊ दे, प्रवेश म्हणजे रीतसर वचन घेऊन पथकात घेणं, ते नंतर होतं, त्याआधी वचन, नियम, सॅल्यूट, डाव्या हाताचं हस्तांदोलन एवढं यायला लागतं. कबचे नियम दोनच, मोठ्यांचं ऐकतो आणि स्वच्छ व विनम्र असतो. स्काउटचे नऊ. प्रार्थना आणि झेंडागीत हिंदीत आहे, पोरं पटकन पाठ करतात, बापाला लागतो वेळ. आणि रोजच्या सत्कृत्याची वही असते ती तुम्ही लिहू नका. आमच्या शेजारच्यांनी पोराच्या वहीत ‘आज मी आजोबांना रस्ता ओलांडून दिला’ असं सलग आठवडाभर लिहिलं, सरांनी विचारलं आजोबा रोज जातात कुठं?

आता एक स्टार का कापला. निरोप. शनिवारच्या दुपारचा निरोप शनिवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी कधी ‘उद्या डबा, चादर, दोरी, टॉर्च पाठवणे’ रात्री साडेदहाला. रात्री साडेदहाला कोल्हापुरात मिसळ मिळंल एकवेळ, दोरी कुठं मिळणार? दुसरं म्हणजे पाहुण्यांचं स्वागत. कुठला तरी कार्यक्रम, कुणीतरी मोठा माणूस येणार, मग आमची पोरं ड्रेस घालून दोन्ही बाजूला उन्हात उभी, पाहुणे दीड-दोन तास उशिरा. सेवा म्हणून पाणपोईवर उभं करा, जोतिबाच्या यात्रेत चुकलेली पोरं सांभाळायला उभं करा, हार-तुऱ्याला कशाला? मी सरांना बोललो, ते म्हणाले वरून सांगितलं जातं, नाही म्हणता येत नाही. आम्ही पालकांनी मग ठरवलं, सावली आणि पाण्याची सोय असेल तरच पोरं पाठवायची. तेव्हापासून जरा कमी झालंय.

फुटबॉलवाल्यांना इशारा, सीझनमध्ये शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की शनिवारी हजेरी निम्मी. सर पण चिडत नाहीत, त्यांचं पण अर्धं लक्ष तिकडंच असतंय.

खर्च म्हणाल तर नोंदणीची फी अगदी किरकोळ, खरा खर्च ड्रेस आणि सहलीचा. राखाडी शर्ट, गडद निळी पँट, गळ्यात स्कार्फ आणि तो अडकवायचा वॉगल. दुकानदार फुल किटच गळ्यात मारायला बघतो, शिट्टी, लॅनयार्ड म्हणजे शिट्टीची दोरी, बेल्ट, बॅज, सगळं. घेऊ नका. बॅज पोरानं मिळवायचे असतात, कब असेल तर चरणाचे, स्काउट असेल तर सोपानांचे, म्हणजे एकेक टप्पा पार केल्याचे, दुकानातून आणून शर्टावर शिवले की पुढच्या तपासणीत उसवायला लागतात, एका वहिनींनी दोन्ही बाह्या भरून शिवून आणले होते. आणि स्कार्फचा रंग प्रत्येक पथकाचा वेगळा असतो, तो सरांना विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. वॉगल तर विकत घ्यायचाच नाही, दोरीचा विणायला स्काउटची पोरंच शिकवतात. पँट मात्र दोन इंच लांब घ्या आणि आत दुमडून शिवा.