सांगलीतील जुन्या टपाल पाकिटांचे दुकान

हरभट रोडलगतच्या या लहान दुकानात व्हिक्टोरिया राणीचे तिकीट पाकिटावरच छापलेली अर्ध्या आण्याची पाकिटे मिळतात आणि नवख्या संग्राहकाला त्यांच्या रंगछटा ओळखायलाही दुकानदारकाका मनापासून शिकवतात. ट्यूबलाइटखाली रंग ठरवू न देता ते पाकिटे दारातल्या उजेडात शेजारी-शेजारी मांडतात. कागद जुनाट होऊन पिवळसर पडला की तिकिटाचा हिरवा रंग शेवाळी भासतो, म्हणून झडप उघडून आतला कागदही दाखवतात. उन्हाने विटलेल्या पाकिटाला वेगळी छटा म्हणून जादा दाम लावत नाहीत, ही सचोटी मला फार मोलाची वाटते. तिकीट कापून घेतलेली पाकिटे मात्र येथे घेऊ नयेत, अखंडच मागावीत. पाकिटांवर किमती लिहिलेल्या नसतात, ही उणीव खटकते.