स्पिटफायरचं गिअरबॉक्स कव्हर बदललं: एक उन्हाळा आणि एक हिवाळा वापरल्यावर

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर १५००, म्हणजे ब्रिटिश बनावटीची उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार, ओव्हरड्राइव्हवाली (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जादा गिअरची सोय). आम्ही राहतो इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये, म्हणजे गाडी जिथे बनली त्या कव्हेंट्रीच्या कॅन्ली कारखान्यापासून फार लांब नाही. १९८० साली स्पिटफायरचं उत्पादन थांबलं, पण सुटे भाग आजही इतके मिळतात की नव्या गाडीच्या मालकांना हेवा वाटावा. त्यातलाच एक भाग म्हणजे केबिनच्या आतून, दोन सीटांच्या मधे गिअरबॉक्सवर बसणारं गिअरबॉक्स कव्हर. बरेच महिने वापरून झालं, म्हणून आता लिहितो. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या कौतुकाला काही अर्थ नसतो.

ज्यांनी या गाड्यांचं काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पिटफायर बांधली ट्रायम्फच्याच हेराल्ड या गाडीच्या चेसिसच्या (खालच्या सांगाड्याच्या) पद्धतीवर. दोन्हींचं रूप इटालियन डिझायनर मिकेलोत्तींचं. या गाड्यांत गिअरबॉक्स खालून उतरवत नाहीत, केबिनमधून वर उचलून दारातून बाहेर काढतात. त्यासाठी मधला उंचवटा पत्र्याच्या बॉडीचा भाग न ठेवता सुटा केला आहे. आपल्याकडे मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ज्यांच्या घरी होती त्यांना हा प्रकार आठवत असेल: क्लच प्लेटचं काम निघालं की मेकॅनिक आधी सीटं बाहेर काढायचा.

मूळ कव्हर दाबलेल्या पुठ्ठ्याचं. कोरडं असेपर्यंत ते खरंच उत्तम. हलकं, बऱ्यापैकी मुकं, हवं तसं किंचित वाकणारं. पण उघड्या टपाच्या गाडीत पाणी कुठून तरी येतंच: काचेच्या चौकटीखालून, हीटरच्या नळीतून, नाही तर विसरलेल्या छतातून. कार्पेट ओलं राहतं, त्याखाली पुठ्ठा पाणी पितो, कडा भिजलेल्या जिलबीसारख्या लिबलिबीत होतात आणि स्क्रूची छिद्रं फाटतात. माझ्या गाडीतल्या कव्हरला आधीच्या मालकाने चिकटपट्टी, फायबरचा लेप आणि बहुधा प्रार्थना अशा तीन थरांनी जगवलं होतं. इंजिनकडची गरम हवा आणि तेलाचा वास थेट गुडघ्यांवर.

पर्याय तीन. नवा पुठ्ठा, फायबरग्लास आणि एबीएस प्लास्टिक. पुठ्ठा मी लगेच बाद केला. मूळपणाचे गुण मोजणाऱ्या स्पर्धांत गाडी न्यायची नसेल तर त्यात अर्थ नाही. फायबरग्लास ताठ आणि मजबूत असतं, पण त्याला जरा नमायला सांगितलं तर नमत नाही. पन्नासएक वर्षांच्या फ्लोअरपॅनला (गाडीच्या पत्र्याच्या तळाला) तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा त्याच्याकडून करायची नाही. त्यात कडा घासताना काचेचे तंतू मनगटात शिरतात आणि दोन दिवस खाज थांबत नाही. मी एबीएस घेतलं.

बसवणं म्हणजे मुख्यतः वाट मोकळी करणं. सीटं, कार्पेट, गिअरच्या दांड्याची मूठ, गेटर (दांड्याभोवतीची घडीदार पिशवी), आणि डॅशबोर्डला आधार देणारी ती एच आकाराची चौकट. मुठीत ओव्हरड्राइव्हचा स्विच असेल तर त्याच्या वायरी दांड्यातून खाली जातात. त्या कडक झालेल्या असतात, ओढू नका. फ्लोअरच्या कडेचे क्लिप-नट गंजलेले असतात आणि स्क्रूबरोबर गोल फिरतात. ते सगळे नवे घेतले आणि स्क्रूला कॉपर ग्रीस लावलं. हा खर्च कव्हरच्या मानाने किरकोळ आहे आणि पुढच्या वेळी कपाळावर हात मारावा लागत नाही.

कव्हरची छिद्रं मागच्या बाजूला बरोबर आली, पुढे बल्कहेडपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीपाशी) तिरकी. एक उपाय लागू पडला: सगळे स्क्रू नुसते दोन-तीन आटे धरतील इतकेच लावायचे, सुरुवात हीटरखालच्या सर्वांत अवघड स्क्रूपासून करायची, आणि मग हळूहळू आळीपाळीने आवळत बाहेर यायचं. एबीएस इथे ऐकतं. मोठे वॉशर मात्र हवेतच. ज्या एका कोपऱ्यात ताण जास्त आहे तिथे प्लास्टिक पांढरट पडलं आहे; हिवाळ्यानंतरही तडा नाही, पण मी त्यावर नजर ठेवून आहे.

लोक विचारतात, प्लास्टिक जास्त आवाज करतं का? नुसतं लावलं तर करतं. बोटाने टिचकी मारली की डब्यासारखं वाजतं. आतून दोन मिलिमीटरची ब्युटाइलची (आवाज मारणाऱ्या रबराची) शीट चिकटवली, सगळीकडे नाही, फक्त सपाट भागांवर. तेवढ्याने ते मुकं झालं. पण खरा फरक पडला तो कडेच्या सीलमुळे. आधी मीही आवाज आणि उष्णता कव्हरमधून आरपार येतात असंच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात दोन्ही कडेच्या फटीतून येतात. बंद पेशींच्या फोमची पट्टी सगळ्या परिघावर, बल्कहेडकडे दुहेरी, हे केल्यावर तेलाचा वास पूर्ण थांबला. साधा स्पंज वापरू नका, तो पाणी धरून ठेवतो आणि पुन्हा फ्लोअर कुजायला सुरुवात. कव्हर कुठल्या मालाचं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, सीलबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते पैसे तिथे घाला.

जाडीचा मोह आवरा. वरून जाड फोम लावला की कार्पेट बसत नाही, चौकटीचे बोल्ट पोचत नाहीत, आणि उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत क्लच नेमका या उंचवट्याला लागून असल्याने डाव्या बुटाची जागा जाते. स्पिटफायरमध्ये ती मुळातच कमी. रुंद बूट घालणाऱ्यांनी आधी बसून बघावं.

उन्हाळ्याचं काय? एबीएस साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. केबिनमध्ये तेवढं तापमान होत नाही. एक्झॉस्टचा पाइप आपल्या जागेवर असेल तर काळजी नाही, वाकून जवळ आला असेल तर कव्हर कुठलंही घ्या, आधी तो सरळ करा. पहिले काही आठवडे उन्हात नव्या प्लास्टिकचा वास यायचा, आता नाही. कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं कव्हर कुरकुरतं, मग गप्प. छत बंद करून ओव्हरड्राइव्हमध्ये ताशी ६० मैलांवर आता घरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. भांडताही येतं, हा तोटा धरायचा की नाही ते आपापलं बघा.

एक गोष्ट मी स्वतःहून केली आणि ती फार उपयोगी पडली. गिअरबॉक्सच्या ऑइल लेव्हलच्या प्लगसमोर कव्हरला गोल छिद्र पाडून रबरी बूच बसवलं. एरवी गाडीखाली शिरावं लागतं. आता कार्पेटची कड उचलली, बूच काढलं, की बोटाने पातळी कळते आणि पिचकारीने तेल भरता येतं. तेल जीएल-४ प्रतीचं ९० नंबरचं. जीएल-५ पितळी भागांना चालत नाही म्हणून टाळतो. छिद्र पाडायच्या आधी स्पीडोमीटरची केबल कुठून जाते ते बघून घ्या, कव्हर तिला दाबत असेल तर काट्याची थरथर सुरू होते.

मागवताना गाडीच्या वर्षाबरोबर आत कुठला गिअरबॉक्स आहे हेही सांगा. इतक्या वर्षांत मधल्या मालकांनी काय काय बदललेलं असेल याचा भरवसा नाही. जुनं कव्हर कितीही कुजलं असलं तरी नवं पूर्ण बसेपर्यंत टाकू नका, गेटरच्या रिंगची जागा त्यावरूनच काढता येते.

जीटी-६ (स्पिटफायरचीच बंद छताची बहीण) वाल्यांनी मात्र माझं ऐकून एबीएस घेऊ नये. दोन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि बंद छत, उन्हाळ्यात आत भट्टी असते. तिथे फायबरग्लास घ्या, खाज सोसा, आणि आतून उष्णता परतवणारी अॅल्युमिनियमची शीट लावा. मित्राच्या गाडीत येत्या सुट्टीत तेच बसवतोय, लांब बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे काढून ठेवलेत.