सेकंडहँड १४ फुटी अॅल्युमिनियम फिशिंग बोट: सीझनभर वापरल्यानंतरचा अनुभव

बजेटमधे फिशिंग बोट शोधत असाल तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, पैसे हलमधे घाला. हल म्हणजे बोटीचा सांगाडा, तळ, रुंदी आणि ट्रान्सम (मोटर धरणारी मागची फळी), बाकी सगळं नंतर बदलता येतं. मोटर विकून दुसरी घेता येते, सीट बदलता येतात, फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) आज नाही तर पुढच्या वर्षी येईल, पण ३६ इंची तळाची बोट ४८ इंची कुणीच करून देत नाही. मी याच हिशोबाने जुनी, रिवेटवाली, चपट्या तळाची १४ फुटी घेतली, मागे ९.९ एचपीची टिलर मोटर (मागे बसून हँडल हातात धरून वळवायची), आणि इतके महिने वापरून मत अजूनच पक्कं झालंय म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

रुंदीपासून सुरू करतो कारण जाहिरातीत सगळे लांबी सांगतात. जॉन बोटीच्या (अशा चपट्या तळाच्या बोटीच्या) मॉडेलमधे १४३६ किंवा १४४८ असा आकडा असतो बघा, त्यातले पहिले दोन आकडे फुटात लांबी आणि पुढचे दोन इंचात तळाची रुंदी. दोन्ही १४ फुटीच, पण पाण्यावर दोन वेगळ्या बोटी आहेत. उभी असलेली बोट किती डुलते ते पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीवर अवलंबून असतं, आणि स्थिरता साधी दुप्पट-तिप्पट नाही तर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, लांबीचं मात्र सरळ प्रमाण. म्हणजे त्याच लांबीत ३६ ची ४८ झाली की तो आकडा सव्वादोन पटीच्या वर जातो. हे कागदावरचं गणित झालं, प्रत्यक्षात काय होतं तर मी एका कडेला उभा राहून मासा वर घेतोय आणि दुसरा माणूसही त्याच बाजूला जाळी घेऊन वाकलाय तरी काठ पाण्याला टेकत नाही. अरुंद बोटीत हेच करताना एकाला खाली बसावंच लागतं. दिवसभर उभं राहून कास्टिंग (गळ लांब फेकणं) करणाऱ्याने तर १६ फूट अरुंद आणि १४ फूट रुंद यात डोळे झाकून रुंद घ्यावी.

तळाचा आकार. चपटा तळ म्हणजे थांबल्यावर स्थिर, अगदी कमी पाण्यात जाते, छोट्या मोटरवर पळते. पण लाटा आल्या की आपटते, आणि चांगलीच आपटते, वारा वाढलेल्या दुपारी वेग अर्ध्यावर आणावा लागतो आणि लाट थोडी तिरकी घ्यावी लागते. पुढे थोडा व्ही आणि मागे सपाट असा मॉडिफाइड व्ही मिळाला तर उत्तम मधला मार्ग आहे. तुमचं पाणी मोठं आणि उघडं असेल, रोज वारा असेल, तर मात्र माझ्यासारखी बोट घेऊच नका, खोल व्ही बघा. ती उभी असताना जास्त डुलेल, मोटरही मोठी लागेल, पण परत येताना कंबर शाबूत राहील आणि अंगावर पाणी कमी उडेल. शांत तलाव, बॅकवॉटर, संथ नदी यांना चपटा तळच बरा.

आता रिवेट का वेल्डिंग, यावर लोक तासन् तास भांडतात. मला विचाराल तर बजेटमधे रिवेटला घाबरू नका. पातळ पत्र्याला वेल्डिंग केलं की पत्रा वाकडा होतो आणि वेल्डच्या आजूबाजूचं अॅल्युमिनियम उष्णतेने नरम पडतं, म्हणून वेल्डेड बोटीला जाड पत्रा वापरतात, साधारण २ ते अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, मग वजन वाढतं, मग मोटर मोठी, मग ट्रेलरही मोठा. बजेट तिथेच संपलं. पातळ पत्रा जोडायला रिवेट हीच नीट पद्धत आहे, विमानंसुद्धा अजून रिवेटनेच जोडतात. दगडावर, वाळूवर रोज चढवणार असाल तर वेल्डेडचा जाड तळ पैसे वसूल करतो, नाहीतर नाही. एक मात्र बघा, पत्रा कुठल्या मिश्रधातूचा आहे ते विचारा, ५०५२ हा बोटीसाठी नेहमीचा ग्रेड आहे, त्यात साधारण अडीच टक्के मॅग्नेशियम असतं आणि तो पाण्यात चांगला टिकतो.

रिवेट गळतात हे खरंय. माझ्या बोटीत काही महिन्यांनी पुढच्या रिबजवळ (तळाला आतून आधार देणारी आडवी पट्टी) पाणी दिसायला लागलं, धार नाही, नुसता पाझर, संध्याकाळपर्यंत तळात बोटाच्या जाडीएवढं पाणी. शोधायची सोपी पद्धत अशी की बोट ट्रेलरवरच ठेवायची, पाणी काढायच्या भोकाचा प्लग लावायचा, आत थोडं पाणी भरायचं (खूप नको, पाण्याचं वजन प्रचंड असतं, ट्रेलरवर पत्रा दबेल) आणि खाली झोपून बघायचं, जिथे थेंब तिथे मार्करने खूण. सैल रिवेट परत ठोकून घट्ट होतो, बाहेरून एकाने हातोडी मारायची आणि आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दोन माणसं लागतातच. जो अगदीच गेलाय तो ड्रिल करून काढायचा आणि नवीन सॉलिड रिवेट, किंवा आतून हात पोचत नसेल तर बंद टोकाचा पॉप रिवेट (एकाच बाजूने बसवता येणारा) सीलंट लावून. साधा पॉप रिवेट चालत नाही, त्याच्या मधल्या भोकातूनच पाणी येतं. मरीन पॉलियुरेथेन सीलंट सुकायला काही दिवस जातात, तोपर्यंत बोट पाण्यात घालायची नाही. त्यानंतर माझा तळ कोरडा आहे. सेकंडहँड बघताना रिवेटच्या डोक्याभोवती काळे ओघळ दिसले तर तो रिवेट हलतोय समजा. असे दोन-चार असतील तर काम आहे, आख्खी ओळच तशी असेल किंवा सगळ्या तळावर कुणी इपॉक्सी थापलं असेल तर बोट सोडून द्या.

पण खरा खर्च रिवेटचा नाही, ट्रान्समचा असतो. मागची जी उभी फळी मोटर धरते तिच्या आत बऱ्याच जुन्या बोटींत प्लायवूड असतं, बाहेरून पत्रा चकचकीत आणि आत लाकूड कुजलेलं. मोटर लावलेली असेल तर थोडी वर टिल्ट करून तिच्या खालच्या टोकावर वजन टाका आणि ट्रान्समकडे बघा. वाकला किंवा करकरला की लाकूड संपलंय. मोटरच्या बोल्टच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर आत टोचून बघा, मऊ लागलं, काळा ओला भुगा आला की तेच. बदलता येतं, हाताने करणाऱ्याला काही अवघड नाही, मरीन प्लाय कापायचा, सगळ्या कडा आणि भोकं इपॉक्सीने सील करायची. फक्त वाळवी लागू नये म्हणून केमिकल मारलेलं लाकूड मिळतं ना, ते अजिबात वापरू नका, त्यातल्या बऱ्याच केमिकलमधे तांबं असतं आणि ते ओलं होऊन अॅल्युमिनियम खातं. माझी बोट मी फक्त ट्रान्सम कडक निघाला म्हणून घेतली, रंग उडालेला होता, सीट फाटलेल्या होत्या, त्याने काही बिघडत नाही.

ट्रान्समची उंचीही मोजा. शॉर्ट शाफ्ट (खाली पंख्यापर्यंतचा दांडा आखूड असलेल्या) मोटरला साधारण १५ इंच, लाँग शाफ्टला २०. स्वस्तात मोटर मिळाली म्हणून लाँग शाफ्ट आणून १५ इंची ट्रान्समला लावली की ती खोल बसते, ओढ वाढते, पाणी उडतं, आणि कमी पाण्यात जायचा फायदाच गेला. उलटं केलं तर पंखा हवा ओढतो, मोटर नुसती ओरडते आणि बोट जागेवर. पंख्याच्या वरची जी आडवी प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या साधारण लेव्हलला यायला हवी.

९.९ एचपी पुरते का असं सगळे विचारतात. एकटा असलो तर बोट प्लेनवर येते, म्हणजे वेगात पाण्यावर उचलली जाऊन घसरत पळते, दोघं आणि सामान असेल तर येते पण जरा वेळ घेऊन, तिघांत नाही येत, मग शांतपणे जायचं. मला पुरते, मासेमारीत बहुतेक वेळ मोटर बंदच असते. टिलरची एक गोष्ट कुणी सांगत नाही, चालवणारा मागे, मोटर मागे, बॅटरी आणि पेट्रोलची टाकीही मागे, मग पुढचं टोक आकाशात आणि समोरचं काही दिसत नाही. मी बॅटरी आणि टाकी पुढे नेली, टिलरला एक्स्टेंशन हँडल लावून स्वतः मधल्या बाकावर बसायला लागलो, आणि हीच मोटर जणू मोठी झाली. वजन नीट वाटून बघायच्या आधी मोठ्या मोटरचा विचार करू नका. कमाल एचपी आणि वजनाची प्लेट बोटीवर असेल तर तिच्या वर जायचं नाही, नसेल तर लांबी गुणिले रुंदी फुटात, भागिले १५, एवढी माणसं. १४ बाय साडेपाच म्हणजे ५ येतात, पण ती शांत पाण्यात, रॉड-पेट्या-नांगर धरून मी तिघांच्या वर कधीच घेत नाही. लाइफ जॅकेट अंगावर, बाकाखाली नाही, आणि किल स्विचची (दोरी ओढली गेली की मोटर बंद करणारं बटण) दोरी मनगटाला, टिलरवाल्याला हे पाहिजेच कारण तो पडला तर बोट फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते.

बाकाच्या आत फोम असतो, बोट भरली तरी तरंगावी म्हणून. जुना फोम पाणी पितो आणि ते दिसत नाही, बोट नुसती जड आणि सुस्त होते. कोपरा उचकटून हात घालून बघा. ओला असेल तर काढून बंद पेशींचा नवीन घाला, पण काढून तसंच सोडू नका.

गंज येत नाही म्हणून अॅल्युमिनियम घेतलं हे अर्धंच खरंय. लाल गंज नाही येत, पांढरी पावडर येते आणि खाली खड्डे पडतात. तळात पडलेली शिशाची वजनं, तांब्याचं नाणं, ओल्या कार्पेटखाली साचलेला चिखल, हे सगळं पत्रा पोखरतं. मी जुनं कार्पेट पहिल्याच आठवड्यात उपटलं आणि वर ईव्हीए फोमची मॅट टाकली, पेटी ठेवली तरी ढाण् आवाज होत नाही आणि उन्हात पाय भाजत नाहीत. स्टीलचा स्क्रू मारताना मधे सीलंट किंवा आयसोलेटिंग पेस्ट. तांब्याचा अँटीफाउलिंग रंग (तळावर शेवाळ-शिंपले चढू नयेत म्हणून लावतात तो) तर अजिबात नाही. वायरिंगमधे निगेटिव्हसाठी बोटीचा पत्रा वापरू नका, दोन वायरी बॅटरीपर्यंत न्या आणि बॅटरीजवळ फ्यूज टाका. फिशफाइंडरचा सेन्सर लावायला प्लास्टिकची जाड पट्टी ट्रान्समला चिकटवा आणि स्क्रू त्या पट्टीत मारा, पाण्याखाली नवीन भोक पाडायची गरजच नाही. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा अॅनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा), खाऱ्यात झिंक किंवा अॅल्युमिनियमचा, आणि खाऱ्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं त्याच दिवशी.

वाऱ्याचा त्रास आहे, तो सहन करावा लागतो. हलकी बोट, चपटा तळ, वारा तिला कागदासारखी सरकवतो. कापडी ड्रिफ्ट सॉक (पाण्यात ओढत ठेवायची, बोट हळू करणारी पिशवी) घेतला, छोटी गोष्ट पण खूप फरक पडला. नांगर नेहमी पुढून टाका, मागून टाकला तर लाट ट्रान्समवरून आत येते, आणि दोरी खोलीच्या पाच ते सात पट सोडा. इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर (मासे पकडताना बोट हळू सरकवणारी छोटी मोटर) घेताना बोट, माणसं, सामान सगळं धरून दर १०० पाउंडाला २ पाउंड थ्रस्ट (ढकलायचा जोर) हा हिशोब ठेवा. ५५ पाउंडवाली १२ व्होल्टची मोटर फुल स्पीडला साधारण ५० अँपिअर ओढते, म्हणजे १०० एएचची (अँपिअर-तास) लेड अॅसिड बॅटरी अर्ध्यावर थांबवायची तर जेमतेम तास. मी फुलवर चालवतच नाही, हळू ठेवली की सकाळ निघते.

शेवटी ट्रेलर, बोटीबरोबर येतो म्हणून कुणी बघत नाही. चपट्या तळाला लांब कार्पेट लावलेल्या फळ्या बऱ्या, रोलरवर सगळं वजन थोड्या जागी येतं आणि पातळ पत्र्याला पोचे पडतात. फळ्या ट्रान्समच्या खालपर्यंत पोचल्या पाहिजेत, नाहीतर मोटरचं वजन रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला तळ वाकवतं. आणि लांबून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालू नका, गरम हब एकदम थंड झाला की बेअरिंगमधे पाणी ओढून घेतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा, तेवढ्यात प्लग लावून होतो, रॉड लावून होतात. ग्रीस दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय, त्याच दिवशी बदला.