चामडं उत्तम, पण कापडावर हिरवी पेस्ट कुणी मागितली होती?

टांगायचा, साडेसात सेंटिमीटर रुंदीचा, दोन पट्ट्यांचा स्ट्रॉप, म्हणजे दाढीच्या उघड्या वस्तऱ्याची धार परजायचा पट्टा. पुढे गाईचं चामडं, मागे जाड सुती विणीचा पट्टा, सोबत हिरव्या पेस्टची कांडी फुकट. माप, हूक, मूठ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. चामड्याबद्दल तक्रार नाही, त्याचं कौतुक पुढे येईलच. राग आहे तो कापडी पट्ट्यावर, कारण विक्रेत्याने त्याला आधीच हिरवी पेस्ट चोपडून पाठवली आणि वर 'वापरायला तयार' असं लिहिलं. साधा पट्टा बदलून मागितला तर उत्तर आलं की हा दोष नाही, ही जास्तीची सोय आहे. सुटा पट्टा विकत मागितला तर तो सुटा विकत नाहीत म्हणे. या 'सोयी'पायी वस्तरा निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, न्यावा लागला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कापडाचं काम रोजचं असतं. दाढीआधी कापडावर वीस-तीस फेरे, मग चामड्यावर पन्नास-साठ. दाढी झाल्यावर वस्तरा धुवून, पुसून पुन्हा कापडावर दहा फेरे, म्हणजे धारेपाशी अडकलेला साबणाचा लेप आणि ओल निघून जाते. कार्बन स्टीलचं पातं असेल तर हे शेवटचे फेरे टाळायचे नाहीत. गंज डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी धारेच्या टोकावर धरलेला असतो. साधं कापड यात पोलाद जवळजवळ काढत नाही, पुसतं आणि सरळ करतं. त्याच कापडावर क्रोमियम ऑक्साइड, म्हणजे हिरव्या पेस्टमधली घासणारी पूड, असेल तर दिवसाकाठी तीस-चाळीस फेरे धार घासली जाते, गरज असो वा नसो.

घासली गेली तर बिघडलं काय? बिघाड घासण्यात नाही, खालच्या मऊपणात आहे. कापड दबतं आणि वस्तरा पुढे सरकताच धारेच्या मागे उसळी मारून वर येतं. त्यामुळे पेस्टचे कण बेव्हलच्या (धारेलगतच्या उतरत्या पट्टीच्या) सपाट भागापेक्षा धारेच्या अगदी टोकाला जास्त लागतात. हे पाहायचं असेल तर बेव्हलवर काळ्या मार्करची रेघ ओढा, पेस्टवाल्या कापडावर पाचच हलके फेरे मारा आणि भिंगातून बघा. टोकाची शाई आधी गेलेली असते, पाठीकडची शाबूत असते. वस्तऱ्याची पाठच कोन ठरवते, धारेच्या दोन्ही बाजू मिळून साधारण सोळा-सतरा अंश. कापड त्या कोनाला जुमानत नाही, टोकापाशी स्वतःचा बोथट कोन करत राहतं.

गंमत अशी की सुरुवातीचे काही आठवडे उलटाच अनुभव येतो. नुकत्या निसलेल्या धारेवर अशी पेस्ट फिरली की ती आणखी तीक्ष्ण लागते, गालावर तर वस्तरा जाणवतही नाही. पहिलं मत त्यामुळे विक्रेत्याच्या बाजूनेच होतं. उतार हळूहळू येतो. आधी हनुवटीवर केस ओढल्यासारखं वाटतं, मग वरच्या ओठावर, मग नेहमीचे फेरे दुप्पट करूनही फरक पडत नाही. फेरे वाढवावेत तसा बोथटपणा वाढतो, कारण औषध तेच आणि आजारही तोच. शेवटी १२००० नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक कणांच्या, निसण्यावर न्यावं तर तिथेही नुसत्या पॉलिशने भागत नाही. मार्करची शाई बेव्हलभर निघते आणि टोकाशी केसाएवढी काळी रेघ उरते. दगड धारेला टेकतच नाही. मग त्याहून भरड ८००० वर उतरून टोकाचा गोलवा संपेपर्यंत घासायचं आणि नंतर पुन्हा १२०००. एरवी वर्षभर लांबवता येणारं काम काही महिन्यांत दारात उभं.

आता पेस्टची बाजूही मांडतो, कारण मधल्या काळात तिच्याबद्दलचं मत पार बदललं. नुसत्या चामड्याने सगळं भागतं हा जुना हट्ट आहे. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की केस पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असूनही धारेचे बारीक तुकडे पाडू शकतो. केस वाकून धारेला तिरका भिडला आणि पोलादाच्या घडणीत तिथे कमीजास्तपणा असला की चीर जाते. म्हणजे धार नुसती वाकत नाही, तिला दातेही पडतात. दाते चामड्याने भरून येत नाहीत, तिथलं पोलाद घासूनच काढावं लागतं. आयोवा स्टेट विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन यांच्या २००४ च्या सुऱ्यांवरच्या प्रयोगांतही कोऱ्या चामड्याने बर (धारेवर उरलेली पोलादाची बारीक कड) फारशी कमी झाली नाही, क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्याने मात्र झाली. तेव्हा पेस्ट हवीच. ती कडक, सपाट पृष्ठभागावर हवी आणि क्वचित हवी, एवढंच.

त्यासाठी बाल्साची, म्हणजे अगदी हलक्या लाकडाची, फळी. सुमारे तीस सेंटिमीटर लांब, साडेसात रुंद, बारा मिलिमीटर जाड, जाड ॲक्रिलिकवर किंवा सपाट फरशीवर चिकटवलेली. नुसती फळी हवेतल्या ओलीने वाकते, म्हणून खाली काहीतरी न वाकणारं हवंच. काचेवर ४०० नंबरचा सँडपेपर पसरायचा, बाल्सावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत फळी त्यावर घासायची. मग ब्रशने भुसा झटकून टाकायचा. याआधी पेस्ट लावली तर उंचवट्यांवरच बसते.

सोबत आलेली कांडी इथे वापरू नका. अशा बऱ्याच हिरव्या कांड्यांमध्ये मेणात क्रोमियम ऑक्साइडबरोबर त्याहून बरेच मोठे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. सुरीला चालतं, वस्तऱ्याला नाही. क्रोमियम ऑक्साइडची अर्ध्या मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) शुद्ध पूड घ्या. चिमूटभर पूड, दोन-तीन थेंब मिनरल ऑइल, बोटाने लाकडाच्या रेषांच्या दिशेने चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसा. लाकडाच्या रेषा हिरव्या थरातून दिसल्या पाहिजेत. दाट थर लावला की त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या धारेसमोर लोळत जाऊन टोक गोल करतात, म्हणजे कापडाचाच प्रकार. पूड हाताळताना ती उडू देऊ नका. हे तीन संयुजेचं क्रोमियम आहे, सहा संयुजेच्या क्रोमियमसारखं विषारी नाही, तरी धूळ ती धूळच.

दाढी खरखरीत लागली की बाल्सावर दहा-बारा फेरे, वस्तऱ्याच्या वजनाइतकाच दाब, पाठ पुढे आणि धार मागे. त्यानंतर फळीच्या दुसऱ्या बाजूला लाल आयर्न ऑक्साइड लावलेलं असेल तर तेवढेच फेरे. ते क्रोमियम ऑक्साइडपेक्षा मऊ असतं, घासतं कमी, उजळतं जास्त. हिरव्यानंतर धार तीक्ष्ण पण जरा कोरडी, चेहऱ्याला झोंबणारी वाटते. लाल तो झोंबरेपणा बराच घालवतं. पाव मायक्रॉनचा हिऱ्याचा स्प्रेही मिळतो. तो वेगाने कापतो, पण संवेदनशील त्वचेला धार करकरीत लागते, म्हणून इथे तो बाद. पेस्टचा रंग बघून खरेदी करू नका, एकाचा लाल दुसऱ्याच्या हिरव्यापेक्षा भरड असू शकतो. मायक्रॉन लिहिलेले नसतील तर सोडून द्या.

चाचणीला धुतलेला केस मुळाकडून धरून, बोटांपासून सेंटिमीटरभर अंतरावर धारेवर टेकवायचा. आवाज न करता तुटला तर उत्तम, कुरकुरत तुटला तर अजून पाच फेरे. चिरून सोलला जात असेल तर धार मुठीकडच्या टाचेपासून पात्याच्या टोकापर्यंत सारखी नाही. वीस फेऱ्यांनीही हनुवटीवरची ओढ जात नसेल तर बाल्सा सोडा, निसणा गाठा.

आता पुन्हा त्या हिरव्या कापडाकडे. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रशने मेण बरंचसं निघतं, कण विणीतच राहतात. वाळल्यावर पांढरा कागद घासला तर हिरवट रेघ उमटतेच. त्यात स्ट्रॉप टांगला की दोन्ही पट्टे पाठीला पाठ लावून लोंबतात आणि ती पूड चामड्याच्या मागच्या बाजूला, हळूहळू कडांनाही लागते. चामड्यात शिरलेला भरड कण काढण्याचा खात्रीचा उपाय नाही. बाल्सावरून वस्तरा उचलला की चामड्यावर नेण्याआधी दोन्ही बाजू पुसा, हा नियम म्हणूनच आहे. पट्टा सरळ काढून टाकला आणि जागी गाडीच्या जुन्या सीटबेल्टची पट्टी धुवून, हूकमधून ओवून शिवली. खर्च शून्य. दाट विणीची असल्यामुळे ती विकतच्या सुती पट्ट्यापेक्षा कमी दबते.

चामड्याला मात्र पैकीच्या पैकी. ओढ मध्यम आहे, वस्तरा ना घसरतो ना चिकटतो. रुंदी पुरेशी असल्याने पातं आडवं सरकवायची गरज नाही. पाच सेंटिमीटरचा असता तर प्रत्येक फेऱ्यात टाचेकडून टोकाकडे तिरका न्यावा लागला असता. ताणून धरायचं एवढी एकच अट. सैल सोडलं की मध्ये झोळ पडतो आणि तेही कापडासारखंच टोकावर चढतं. वळताना धार वर ठेवून पाठीवर लोळवायचं. धारेवर वळलात तर चामड्याला काप जातो आणि तो बहुधा मुठीकडच्या टोकाला जातो, कारण तिथे घाई होते. छोटा काप असेल तर उठलेली कड ६०० नंबरच्या कागदाने घासून सपाट करा. तेल ओतू नका, तळहात चोळला तरी पुरतं. ओला वस्तरा कधीही नको.

घ्यायचाच असेल तर मागवण्याआधी विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या की कापड कोरं आहे का. 'वापरायला तयार' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा, नाहीतर चामड्यासाठी घ्या आणि हिरवा पट्टा पहिल्याच दिवशी उसवून सुऱ्यांसाठी ठेवा. स्वयंपाकघरात तो बरा चालतोय.