रेवदंडा ते कोर्लई : गावच्या माणसांची ओळख करून देणारी पायी सफर

रेवदंड्याचा किल्ला, पडक्या चर्चच्या भिंती आणि सातखणी मनोरा दाखवणाऱ्या सहली पूर्वीपासून होतात. मी ज्या सफरीविषयी लिहीत आहे, तिचा विषय मात्र दगडांपेक्षा माणसे हा आहे. या लहानशा बंदरगावात कोण कोण येऊन राहिले, कोण मूळचे होते, कोण निघून गेले आणि आज शेजारीशेजारी कोण नांदते, हे गावातून चालत चालत सांगायचे, अशी तिची कल्पना आहे. गावातीलच एक निवृत्त शिक्षक दोन तरुण मदतनिसांसह ती चालवतात. सकाळी सात वाजता खाडीकाठच्या जेट्टीपासून निघायचे, किल्ल्याच्या आतील वाड्यांमधून फिरायचे, मग पूल ओलांडून रिक्षाने कोर्लईला जायचे आणि एकच्या सुमारास एका घरी जेवून थांबायचे, असा तिचा क्रम आहे. माणशी सहाशे रुपये घेतात आणि त्यात रिक्षा व जेवण दोन्ही येते. आमच्या गटात अकरा जण होते.

मी मूळचा अलिबागचा. माझ्या वर्गात इस्रायल आळीतील एक मुलगा होता आणि सातवीच्या सुटीनंतर तो परत आलाच नाही, कारण त्याचे सारे कुटुंब इस्रायलला गेले होते. त्यामुळे या सफरीकडे मी केवळ पर्यटक म्हणून पाहू शकलो नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

सर्वांत उत्तम भाग किल्ल्याच्या आतला आहे. अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे १५२१ मध्ये आपले ठाणे बांधायला घेतले, पुढे त्याभोवती तटबंदीचे शहर वाढले आणि १७४० मध्ये ते मराठ्यांच्या हाती आले, एवढा इतिहास कोणत्याही माहितीफलकावर मिळतो. गुरुजी मात्र त्याच्याही सहाशे वर्षे मागे जातात. शेजारच्या चौलला अरब प्रवासी सैमूर म्हणत. इ. स. ९१६ च्या सुमारास आलेल्या अल मसूदीने शिलाहार राजा झंझ याच्या अमलातील या बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी त्यांत होते, आणि येथेच जन्मलेल्यांना बयासिरा असे वेगळे नाव होते. गुरुजींनी या शेवटच्या शब्दावर बराच वेळ घेतला आणि तो योग्यच होता, असे माझे मत आहे. बाहेरून आलेल्याची पुढची पिढी येथेच जन्मते, येथलीच भाषा बोलू लागते आणि मग तिला बाहेरची म्हणायचे की येथली, हा प्रश्न या किनाऱ्याला अकराशे वर्षांपूर्वीही पडला होता, हे त्या एका शब्दावरून कळते. किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांच्या बोलीचा आणि घरांच्या ठेवणीचा विषय त्यांनी मोहल्ल्यातून जाताना याच धाग्याने पुढे नेला.

रशियातील त्व्हेर शहराचा व्यापारी अफानासी निकितीन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. त्याचे स्मारक गावातील शाळेच्या आवारात आहे. आपण जाऊ तेथे लोकांचा घोळका मागे येतो आणि गोरा माणूस म्हणून आपल्याकडे नवलाने पाहतो, अशी नोंद त्याने केली आहे. पाहणारे आपण आणि पाहिला जाणारा परका, असा तो प्रसंग आहे. सफरीच्या शेवटी मला तो पुन्हा आठवला, त्याचे कारण पुढे येईल.

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठी बोलणारे ज्यू, यांच्याविषयीचा भाग मी सर्वांत लक्षपूर्वक ऐकला. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही त्या समाजाची परंपरागत कथा आहे. गुरुजींनी ती कथा म्हणूनच सांगितली, इतिहास म्हणून पुढे केली नाही. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगावी त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावे किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी आपापल्या गावांची, घरात मराठी, आणि नवसाला एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरे व फळांचा मलिदा. मुंबईतील त्यांचे १७९६ चे सिनेगॉग आजही जुनी मशीद या नावाने ओळखले जाते. रेवदंड्याचे बेथ एल सिनेगॉग आम्ही गेलो त्या दिवशी बंद होते, त्यामुळे ते बाहेरूनच पाहिले. समाजातच गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता, मिश्र विवाहांतून झालेल्या संततीला काळे म्हणून वेगळे ठेवले जाई, ही गोष्टही गुरुजींनी लपवली नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वारसा साऱ्या समाजात आढळला, हे मी चहाच्या वेळी त्यांना सांगितले. त्यांनी ते वहीत टिपून घेतले आणि पुढच्या वेळी ते सांगण्याचे कबूल केले. शिकवणाऱ्याने ऐकूनही घ्यावे, हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

कोर्लईला पोहोचेपर्यंत ऊन तापले होते. टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या येथील ख्रिस्ती वस्तीत आजही एक पोर्तुगीज-मिश्र बोली बोलली जाते. तिला बाहेरचे क्रिस्ती म्हणतात, आणि बोलणारे ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. तिचे बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी मराठीसारखी, म्हणजे क्रियापद शेवटी, हे एका आजींनी अंगणात बसून दोन-चार वाक्ये बोलून आम्हाला ऐकवले. त्यांच्या सूनबाईंनी लगेच तीच वाक्ये मराठीत म्हटली, तेव्हा शब्द बदलले तरी त्यांचा क्रम तसाच राहिला. पोर्तुगीज शिपायांनी व व्यापाऱ्यांनी स्थानिक स्त्रियांशी केलेल्या लग्नांतून हा समाज वाढला. मराठ्यांनी चौल घेतल्यावर पोर्तुगीज गेले, तरी ही माणसे खाडीच्या या बाजूला राहिली. पूल होण्याआधी खाडी तरीनेच ओलांडावी लागे, त्या एकाकीपणात ही बोली टिकली. दुसरीकडे आपल्या मराठीतही पगार, चावी, घमेले, पाव आणि बटाटा आहेतच. पोर्तुगीज भाषा कोर्लईत घरची झाली आणि बाकी कोकणात पाहुणी म्हणून येऊन राहिली, असे मी म्हणेन.

येथेच सफरीतील सर्वांत खटकणारी गोष्ट घडली. आजी बोलत असताना एका मदतनिसाने अंगणात खेळणाऱ्या मुलांकडे बोट दाखवून ‘पोरांचे डोळे बघा, रंग बघा’ असे गटाला सांगितले, आणि पाच-सहा मोबाईल एकदम वर गेले. मुले आधी हसली, मग एक मुलगी आत निघून गेली. निकितीनची नोंद मला तेव्हा आठवली. ज्या समाजाची ओळख त्यांच्या बोलीतून, चर्चच्या सणांतून, शेतीतून आणि मासेमारीतून इतक्या सुंदरपणे होऊ शकते, त्यांच्या मुलांचे डोळे प्रदर्शनासारखे दाखवणे अन्यायाचे आहे. मी हे गुरुजींशी बाजूला बोललो. त्यांनी मदतनिसाला तेथेच समज दिली, पण सफरीच्या सुरुवातीलाच छायाचित्रांविषयी स्पष्ट नियम सांगितला पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

दुसरी उणीव याहून खोल आहे. दूरदेशाहून आलेल्यांना सफरीने तास दिले, आणि गावातील बहुसंख्य माणसांना मिनिटे. सफर जेट्टीवर सुरू होते, तेथे कोळणी मासळीच्या टोपल्या लावत असतात, होड्यांवर जाळी वाळत असतात, आणि तरीही कोळी समाजाविषयी आम्हाला तीनच वाक्ये ऐकायला मिळाली. ताडामाडांवर चढणारे भंडारी, नारळी-पोफळीच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या शिंपणारे माळी, किल्ल्याबाहेरच्या वस्त्यांमधील बौद्ध कुटुंबे, डोंगराकडचे कातकरी यांची केवळ नावे आली. आगरी समाजाचा उल्लेख मिठागरांपुरता झाला. अलिबाग तालुक्यातल्याच चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चाललेला कुळांचा संप झाला, खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत म्हणून माणसांनी उपासमार सोसली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली, हे या सफरीत यायलाच हवे. कोण कोठून आले एवढ्याने गावाची घडण कळत नाही. जमीन कोणाची होती, ती कसत कोण होते आणि विहिरीवर कोणाला पाणी भरू दिले जात नव्हते, हेही सांगावे लागते. परदेशी मूळ असलेल्या समाजांची कथा ऐकणाऱ्याला रम्य वाटते, आणि शेजारच्या आळीची कथा अडचणीची वाटते, म्हणून ती टाळली जाते की काय, अशी शंका मला आली. गुरुजींचा हेतू तसा नसावा, कारण विचारल्यावर त्यांनी संपाविषयी भरभरून सांगितले. पण ते विचारल्यावर सांगितले.

प्रत्येक समाजाची टक्केवारी गटातील एकाने विचारली. १९३१ नंतरच्या जनगणनांत सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झालेले नाहीत, म्हणून मी अंदाज सांगणार नाही, असे गुरुजींनी उत्तर दिले. हे उत्तर मला पटले.

जंजिऱ्याच्या सिद्दींविषयी रिक्षातच काय ते बोलणे झाले. आफ्रिकेतून गुलाम, खलाशी आणि सैनिक म्हणून आलेल्या माणसांनी राज्य उभे केले आणि ते १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत टिकले, हा विषय अर्ध्या तासाचा नाही. राजपुरी, खोकरीच्या कबरी आणि मुरूड मिळून त्याची स्वतंत्र सफर व्हावी.

जेवण साधे आणि चोख होते : तांदळाची भाकरी, बांगड्याचे कालवण, सोलकढी. शाकाहारी व्यक्तींनी आदल्या दिवशी कळवावे. ज्येष्ठांना किल्ल्यातील वाट सोपी आहे, कारण चढ नाही, पण कोर्लईच्या वस्तीत सावली कमी आहे. शक्य असल्यास ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी जेट्टीवर पोहोचावे. होड्या परतत असतात, कोळणींना थोडी उसंत असते, आणि सफरीत राहून गेलेले बरेच काही त्या मावशींना विचारता येते. मी परत जाणार आहे तो याच वेळेला.