भिगवण की नांदूर मध्यमेश्वर?

पाणपक्षी ओळखायला कोठे शिकावे, असे कोणी विचारले की पुणेकराला भिगवण आणि नाशिककराला नांदूर मध्यमेश्वर असे अंतराच्या हिशेबाने सांगून आपण मोकळे होतो. पण या दोन्ही ठिकाणी पक्षी पाहण्याची रीतच वेगळी आहे आणि नवशिक्याने निवड करताना तीच आधी विचारात घ्यावी.

भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगावहून मच्छीमारांच्या होडीतून फिरता येते. रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, नदी सुरय असे ठळक पक्षी जवळून दिसतात आणि छायाचित्रे उत्तम मिळतात. मात्र रोहित उथळ पाण्यातला चिखल चोचीने चाळून खाणारा पक्षी असल्यामुळे धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी तो उशिरा उतरतो. अशा वर्षी नोव्हेंबरात घाई करण्यापेक्षा पाणी ओसरू देऊन फेब्रुवारीत जावे.

नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या जुन्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचलेल्या गाळाने उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती असे मिश्रण तयार झाले आहे. राज्यातील हे पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली पाणथळ जागा. येथे चापडगावच्या मनोऱ्यावरून पाहायचे असल्याने पक्षी बरेचदा दूर असतात, हा उणेपणा खरा. पण पायांखालची जमीन हलत नाही, आणि ओळख पटवताना याला फार महत्त्व आहे.

उदाहरणार्थ, तुतारी (सँडपायपर) हा काठाकाठाने फिरणारा छोटा पक्षी. काठावरच्या सगळ्याच तपकिरी तुताऱ्या प्रथम एकसारख्या वाटतात. पाच-दहा मिनिटे एकीवरच नजर ठेवली, तर छातीचा पांढरा रंग पंखापुढून खांद्यापर्यंत चढलेला आणि मागचा भाग सतत खाली-वर होत असलेला दिसतो. ती सामान्य तुतारी. पाठीवर ठळक ठिपके, पाय लांब व पिवळसर आणि डोळ्यावर स्पष्ट पांढरी भुवई असेल तर ती ठिपकेवाली तुतारी. होडीत एवढी सवड मिळत नाही. बारकावा नजरेत भरेपर्यंत होडी पुढे सरकलेली असते.

दुर्बीण मात्र दोन्हीकडे चालेल अशी ८ × ४२ ची (आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्यावी, कारण १० पटींची दुर्बीण होडीत हाताच्या कंपाने त्रास देते.

माझे मत विचाराल तर पहिल्या दोन फेऱ्या नांदूरच्या कराव्यात आणि वारकरी, थापट्या, शेकाट्या हे पाणपक्षी सहज ओळखू येऊ लागले की भिगवणला जावे. तेथे निघण्यापूर्वीच नावाड्याला सांगून ठेवावे की फोटोसाठी होडी थव्यात घालायची नाही.